मोटारसायकल कोणती घ्यावी? आधी काम पाहा, मग गाडी



उसाच्या बिलाचा पहिला हप्ता खात्यावर जमा झाला, की घरोघरी नव्या गाडीचा विषय निघतो. म्हातारा म्हणतो, दूध घालायला काहीतरी घ्या. पोरगा म्हणतो, कंपनीत जायला दणकट गाडी पाहिजे. दोघांचेही बरोबर असते. पण दोघांची गाडी एक नसते. उसाचे बिल वर्षातून दोन-तीन वेळा येते, गाडी मात्र रोज पेट्रोल मागते. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

आपला खेड, मावळ, मुळशी, हवेलीचा भाग दुचाकीला नवखा नाही. १९७२ साली पुण्याच्या किनेटिक इंजिनिअरिंगची लुना आली, त्याच साली बजाजची चेतक आली. १९८६ मध्ये एम-८० आली आणि दुधाच्या कॅनी सायकलवरून तिच्यावर गेल्या. २००१ मध्ये पल्सर आली, ती चाकणच्या कारखान्यातून. पुढे केटीएम आणि २०२३ पासून ट्रायम्फची ४०० सी.सी. गाडीही चाकणलाच बनू लागली. पण गाडी आपल्या शिवाराजवळ बनते म्हणून ती आपल्या शिवारात चालेलच, असे नाही.

प्रथम चार प्रश्न

(१) गाडी कोठे चालणार? बांधावर, कच्च्या रस्त्यावर, की पुणे-नाशिक महामार्गावर?
(२) तिच्यावर काय लादणार? दुधाच्या कॅनी, खताची गोणी, की फक्त माणूस?
(३) चालवणार कोण? एकटा तरुण, की घरातली चार माणसे आलटून पालटून?
(४) रोज किलोमीटर किती?

ही उत्तरे कागदावर लिहून मगच शोरूमची पायरी चढावी.

ओढ आणि धाव

सी.सी. म्हणजे इंजिनाच्या नळकांड्यात मावणारी जागा. ती वाढली की साधारणपणे ताकद वाढते आणि पेट्रोलही वाढते. ताकदीचे दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. टॉर्क म्हणजे बैलाची ओढ. हॉर्सपॉवर म्हणजे घोड्याची धाव. ओल्या वाटेने गोणी घेऊन चढ चढायचा, तर कमी वेगाला चांगली ओढ देणारे इंजिन हवे. वेगातच ताकद दाखवणारी गाडी चिखलात नुसती भुरभुरते आणि क्लच प्लेटा जाळते.

गाड्यांचे प्रकार

*मोपेड.* आज टीव्हीएसची एक्सएल-१०० ही या जातीची गाडी. वजन नव्वद किलोच्या आत, गिअर नाहीत, पुढे पाय ठेवायच्या जागी सामान बसते. शिवार ते गाव, डेअरी, बाजार यासाठी हिच्यासारखी दुसरी नाही. पण हिला घेऊन रोज महामार्गाने भोसरी गाठू नये. मागून येणाऱ्या कंटेनरच्या वेगाला ती पुरत नाही.

*१०० ते ११० सी.सी. मोटारसायकल.* प्लॅटिना, स्प्लेंडर या जातीच्या गाड्या. वजन ११० ते १२० किलोच्या आसपास, पेट्रोल कमी, दुरुस्ती कोणत्याही गावच्या मिस्त्रीकडे. शेत आणि घर दोन्ही सांभाळायचे असेल, तर बहुतेक सभासदांचे काम इथेच भागते.

*१२५ सी.सी.* रोज दोघांनी मिळून कंपनीत जायचे असेल, तर ही बरी. जोडीदाराचे वजन घेऊनही इंजिन कुंथत नाही. जुलै २०२४ मध्ये बजाजने याच वर्गात सी.एन.जी.वर चालणारी फ्रीडम आणली. तिच्यात दोन किलो गॅसची टाकी आणि दोन लिटर पेट्रोलची टाकी असते. गॅसचा पंप रोजच्या वाटेवर असेल तरच तिचा फायदा.

*१५० सी.सी. आणि पुढे.* वजन १५० किलोच्या घरात किंवा जास्त. चाकण ते हिंजवडी असा रोजचा लांब पल्ला असेल, तर वेगात ही गाडी स्थिर राहते. खाली वाकून चालवायच्या रेसिंग धाटणीच्या गाडीवर मात्र मागच्या सीटवर आईला बसवता येत नाही आणि दुधाची कॅन तर नाहीच नाही.

*विजेची स्कूटर.* चेतक २०२० साली विजेवर परत आली. रोज तीस-चाळीस किलोमीटर, पक्का रस्ता आणि घरात रात्रभर खात्रीची वीज असेल, तर खर्च फार कमी. बांधावरच्या दगडधोंड्यांत लहान चाके आपटतात, हे विसरू नये.

हिशोब

असे समजा, की पोरगा रोज जाऊन-येऊन ६० किलोमीटर चालवतो आणि महिन्याला २६ दिवस कामावर जातो. महिन्याचे झाले १,५६० किलोमीटर. लिटरला ६० किलोमीटर देणाऱ्या गाडीला २६ लिटर पेट्रोल लागेल, ४० देणाऱ्या गाडीला ३९ लिटर. फरक १३ लिटरचा. लिटरला १०० रुपये धरले, तर महिन्याला १,३०० आणि वर्षाला १५,६०० रुपये. टनाला ३,००० रुपये हाती येतात असे धरले, तर दरवर्षी पाच टनांहून जास्त ऊस नुसत्या हौसेपायी टाकीत ओतला. हौस करू नये असे नाही. पण तिची किंमत टनात मोजावी.

ब्रेक आणि रात्रपाळी

हा मुद्दा पैशापेक्षा मोठा आहे. हंगामात उसाच्या ट्रॉलीच्या चाकांबरोबर शेतातला चिखल डांबरी रस्त्यावर येतो, पाचट पडते. त्यावर पुढचा ब्रेक जोरात दाबला, की चाक अडकते आणि गाडी सरते. १२५ सी.सी.च्या वरच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून ए.बी.एस. सक्तीचे झाले, ते चाक अडकू देत नाही. त्याच वेळी त्याखालच्या गाड्यांना निदान दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय सक्तीची झाली. त्याआधीची जुनी गाडी घेताना हे विचारावे.

ज्याचा पोरगा चाकण, महाळुंगे, तळेगावकडून रात्रपाळी करून येतो, त्याने रंगापेक्षा हेडलाईट पाहावा. शोरूममध्ये दिवसा नव्हे, अंधार पडल्यावर चालवून पाहावी. हेल्मेट आय.एस.आय. मार्कचेच घ्यावे, बसणाऱ्या दोघांसाठी दोन.

आणि एक गोष्ट आपल्याच हातातली. रात्रीच्या रस्त्यावर दिव्यावाचून उभी असलेली उसाची ट्रॉली आपल्यापैकीच कोणाची तरी असते. तिच्या मागे रिफ्लेक्टर लावला, तर कितीही महागड्या ब्रेकपेक्षा तो शेजाऱ्याच्या पोराला जास्त उपयोगी पडेल.

आपलाच ऊस, आपलेच इंधन

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्यातले काही उसापासून होते. आपल्या दृष्टीने ही चांगली गोष्ट. पण गाडीवाल्याने दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडे उतरते. दोन, इथेनॉल ओल धरते आणि जुन्या रबराला सोसत नाही. एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी जुन्या बाजारात घेत असाल, तर पेट्रोलचे पाईप आणि वॉशर मिस्त्रीकडून तपासून घ्यावेत. पावसाळ्यात गाडी रिकाम्या टाकीने महिनोन् महिने गोठ्यात उभी करू नये.

घेताना

सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकतात का, ते पाहावे. गाडीचे पोट जमिनीपासून किती वर आहे, ते पाहावे. साडीगार्ड आणि मागे धरायची कडी हक्काने मागून घ्यावी. किमतीत विमा, नोंदणी आणि कर्जाचे व्याज मिळवूनच आकडा धरावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी.सी.पर्यंतच्या गाड्यांवरचा जी.एस.टी. २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला, त्याच्या वरच्यांवर तो ४० टक्के झाला. हाही हिशोब बोलावा. कर्जाचा हप्ता दर महिन्याला असतो, उसाचे बिल दर महिन्याला नसते. हप्ता पोराच्या पगारातून जाणार की दुधाच्या पैशातून, हे घरात बसून ठरवावे आणि मगच सही करावी.