गोलफेरीचा उत्तरार्ध

गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या काळ्या, सपाट शिवारामुळे परभणी हा डोंगरांचा जिल्हा मानला जात नाही. तथापि त्याच्या उत्तरेस जिंतूर तालुक्यात अजिंठा रांगेचे फाटे आणि दक्षिणेस गंगाखेडच्या बाजूला बालाघाटाच्या टेकड्या आहेत, आणि एका दिवसाच्या मध्यम भटकंतीसाठी हा प्रदेश पुरेसा आहे. जिंतूरजवळचे नेमगिरी हे नेमिनाथांच्या नावाचे जैन तीर्थ असल्याने लेण्यांपर्यंतची वाट वर्दळीची असते, परंतु तेथून पुढे धार धरून दुसऱ्या बाजूने उतरणारी गोलफेरी, म्हणजे निघालेल्या ठिकाणी वेगळ्या वाटेने परत आणणारी चाल, आखायची झाल्यास निराळा विचार करावा लागतो.

गेलेल्या वाटेनेच परतायचे असते तेव्हा परतीचे प्रत्येक वळण, प्रत्येक चढ-उतार पायांनी एकदा पाहिलेला असतो. गोलफेरीत मात्र पाणी संपत आलेले, पाय जड झालेले आणि ऊन कललेले असते त्याच वेळी अनोळखी भाग सुरू होतो. गोदावरीच्या उगमाशी, त्र्यंबकेश्वरी, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा होते तीही गोलफेरीच, पण तेथे पुढे-मागे माणसांची रीघ असल्याने वाट चुकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. जिंतूरच्या डोंगरात फेब्रुवारीतल्या दुपारी विचारायला माणूस भेटेलच असे नाही.

प्रस्तुत लेखक आणि त्याचे तीन सहकारी यांनी केलेल्या अशा एका फेरीत तीन चुका झाल्या, आणि तिन्ही घरी बसून टाळता येण्याजोग्या होत्या. पहिली म्हणजे सकाळी सातला निघण्याचे ठरवून साडेनऊला चालायला सुरुवात झाली. दुसरी पाण्याची होती: मोबाईलच्या नकाशात उतारावरचा ओढा निळ्या रेषेने दाखवलेला असल्यामुळे माणशी दोनच लिटर पाणी घेतले गेले, आणि प्रत्यक्षात ओढ्यात गरम झालेले दगड व तडकलेला गाळ एवढेच निघाले. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशात, म्हणजे उंचसखलपणा, वाटा व वस्त्या दाखवणाऱ्या नकाशात, बारमाही पाणी निळ्या आणि कोरडे पडणारे प्रवाह काळ्या रेषेने दाखवण्याची पद्धत आहे, हे तेव्हा चौघांपैकी कोणीही पाहिलेले नव्हते. बेसाल्टचा हा काळा खडक ऊन धरून ठेवतो आणि त्यावरचा मातीचा थर पातळ असल्याने पावसाचे पाणी फार काळ टिकत नाही. त्यामुळे दिवाळीनंतरच्या प्रत्येक ओढ्याला कोरडा समजूनच पाण्याचा हिशेब करावा, आणि थंडीतही माणशी किमान तीन, फेब्रुवारीपासून चार लिटर पाणी पाठीवर असावे.

तिसरी चूक वाटेची होती, आणि ती सविस्तर सांगणे आवश्यक आहे. खिंडीतून, म्हणजे दोन टेकड्यांमधल्या सखल जागेतून, उतरताना एक चांगली मळलेली वाट डावीकडे गेली, आणि ती रुंद असल्याने गावाचीच असणार असे गृहीत धरून तासभर तिच्यावर चालणे झाले. ती ढोरवाट होती. तिच्यावर खुरांचे ठसे होते, वाळलेले शेण होते, दोन्ही अंगांच्या बोरी-बाभळींच्या फांद्या माणसाच्या छातीच्या उंचीवर आडव्या आलेल्या होत्या, कारण त्यांच्याखालून गुरे जातात आणि माणसाला वाकावे लागते. ही खूण डोळ्यांसमोर असूनही कोणी वाचली नाही. शेवटी शेळ्या घेऊन परतणारा एक म्हातारा गुराखी भेटला. ‘‘ही वाट ढोराच्या पाण्याची हे, गावाची नाही,’’ एवढेच म्हणून तो पुढे झाला आणि चौघे त्याच्या मागे निघाले. पांदणीला, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या गाडीवाटेला, लागेपर्यंत अंधार पडला होता आणि चौघांत एकच विजेरी होती.

वेळेचा अंदाज बांधण्यासाठी स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा आजही उपयोगी आहे: सपाटीच्या दर पाच किलोमीटरला एक तास आणि एकूण चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. बारा किलोमीटरच्या व एकूण ३०० मीटर चढाच्या फेरीला या हिशेबाने सुमारे तीन तास लागतात. पण तो थंड हवेच्या मुलखातला, न थांबता चालणाऱ्या माणसाचा हिशेब असल्याने मराठवाड्याच्या उन्हात त्याची दीडपट धरावी आणि विश्रांतीचा वेळ वेगळा मोजावा. चढ मोजण्यासाठी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, उपयोगी पडतात. या रेषा जेथे एकमेकींना चिकटून येतात तेथे उतार तीव्र असतो, आणि दमलेल्या पायांनी अशा ठिकाणी उतरणे हे चढण्यापेक्षा अधिक धोक्याचे असते.

या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे परत फिरण्याची वेळ, आणि ती घरीच, कागदावर ठरवावी. सातला निघाल्यावर दहापर्यंत पलीकडची खिंड गाठली नाही, तर आलेल्या वाटेनेच परतायचे, असा नियम सर्वांनी आधी मान्य केलेला असला की डोंगरात वाद होत नाहीत. दमलेला गट ‘‘आता थोडेच राहिले’’ या वाक्यावर हमखास पुढे जातो, म्हणून तो निर्णय त्याच्या हाती ठेवू नये. फेरीचा कागद, सोबत्यांची नावे आणि ‘‘तीनपर्यंत फोन आला नाही तर शोध घ्यावा’’ ही सूचना घरच्या एका जबाबदार माणसाकडे असावी. घळीत मोबाईलला रेंज नसते, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि कागदावरची प्रतही जवळ ठेवावी. सर्पदंश झाल्यास कापणे, चोखणे किंवा आवळून बांधणे यांपैकी काहीही न करता तो अवयव स्थिर ठेवून १०८ ला फोन करावा; रेंज नसेल तर एकाने उंचावर जाऊन तो करावा. आग्यामोहोळ दिसले तर धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळून लांबून जावे. बाकी सामानाची यादी कोणत्याही जाणत्या भटक्याकडे मिळते.

उत्तरार्ध अनोळखी असणे हेच गोलफेरीचे मूळ दुखणे असल्याने, जमेल त्याने आधीच्या एखाद्या रविवारी फेरीच्या शेवटच्या गावातून उलट दिशेने खिंडीपर्यंत जाऊन यावे, आणि गावात पाण्याची व वाटेची चौकशी करावी. लेखकाने ते पुढच्या डिसेंबरात केले, तेव्हा खिंडीखालच्या लिंबाच्या झाडापासून उजवीकडे गावाची वाट स्वच्छ दिसत होती, आणि चुकलेली जागा तिच्यापासून जेमतेम चाळीस पावलांवर होती.