हप्ता लहान दिसला म्हणून सही करू नका

ताईंनो, जून आला की बियाणं, खत, लेकरांच्या वह्या-पुस्तकं, सारा खर्च एकदमच दारात उभा राहतो. अशा वेळी कोणी म्हणतं, "आजच सही करा, पैसे लगेच देतो." शेजारणीनंही घेतलेले असतात, मग नाही म्हणायला जीव धजत नाही. आपल्याला समजत नाही असं नाही. घाईत विचारायचं राहून जातं आणि निर्णय तिथंच चुकतो.

एक हिशोब करू. समजा १२,००० रुपये कर्ज घेतलं. फेड १२ महिन्यांत, दर महिन्याला १,००० मुद्दल. व्याज शेकडा १ रुपया महिना.

गटात व्याज उरलेल्या मुद्दलावर लागतं. पहिल्या महिन्यात १२०, दुसऱ्यात ११०, असं उतरत शेवटी १०. एकूण व्याज ७८० रुपये.

दुसऱ्या ठिकाणी व्याज शेवटपर्यंत पूर्ण १२,००० वरच धरलं, तर दर महिन्याला १२०. एकूण १,४४० रुपये.

दर एकच, पण ६६० रुपये जास्त गेले!

म्हणून सही किंवा अंगठ्याआधी तीन प्रश्न विचारा.

१. एकूण परत किती करायचे? व्याज, फी, विमा सगळं धरून. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे सूक्ष्म कर्ज देणाऱ्यानं हे आपल्याला समजेल अशा भाषेत लिहून द्यायचं असतं. तो कागद मागून घ्या.

२. हप्त्याच्या दिवशी घरात पैसा असेल का? आपल्या राजूरला कुणाकडे खाणीचा पगार येतो, कुणाकडे चुनाभट्टीची मजुरी. कापसावर असलेल्या घरी पैसा वेचणीनंतरच दिसतो, हप्ता मात्र दर महिन्याला येतो. सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घरच्या महिन्याच्या कमाईच्या निम्म्यावर जाऊ नयेत, असाही नियम आहे.

३. कर्ज नक्की कोणासाठी? मैत्रिणीसाठी आपल्या नावावर उचललं, तर वसुलीवाला आपल्याच दारी येतो.

उत्तर मिळालं तरी एक रात्र जाऊ द्या. घरात बोला, गटात बोला. दवाखान्याचं काम थांबत नाही, हे खरं. त्यासाठीच गटात थोडी रक्कम नेहमी शिल्लक ठेवा.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपलं चालू कर्ज मांडावं: घेतले किती, फेडायचे किती, हप्ता कधी. जिला लिहिता येत नाही, तिला शेजारी बसलेल्या ताईनं लिहून द्यावं.