करवल्यांचे रेशमी पोशाख : आधी कापडाचा हिशेब

कुंडल परिसरात उसाची बिले हाती आली की लग्नसराईला जोर चढतो. पूर्वी करवलीला खणाचे परकर-पोलके पुरत असे. आता चार-पाच करवल्यांना एकाच रंगाचे रेशमी घागरे हवे असतात आणि ही ऑर्डर गावातल्या टेलरकडेही येते. काम फायद्याचे आहे, पण लग्नाची तारीख पुढे सरकत नाही. कापड कमी पडले तर नुकसान टेलरच्याच माथी.

म्हणून प्रथम हिशेब. रेशमी कापडाचा पन्हा साधारण 44 इंच असतो. मोठ्या मुलीचा घागरा 40 इंच उंचीचा, त्यात 4 इंच दाब, असे तीन पट्टे धरले तर 132 इंच, म्हणजे सुमारे 3.35 मीटर. चोळीला आणखी 1 मीटर. दहा वर्षांच्या मुलीला पावणेचार मीटर पुरते. तीन मोठ्या व दोन लहान मुलींचे साडेवीस मीटर होते. 22 मीटर घ्यावे आणि एकाच तागातून, एकाच वेळी घ्यावे. दुसऱ्या वेळी आलेला रंग दिव्याखाली जुळतो, मांडवाच्या उन्हात वेगळा पडतो.

एक टेलर लग्नाच्या आठ दिवस आधी दोन मीटर गुलाबी कापड शोधत माझ्याकडे आला. तो रंग संपला होता. सुदैवाने कापडाला कात्री लागली नव्हती. होते तेवढ्यात पाचही घागरे बसवले आणि सगळ्या चोळ्या मुद्दाम गडद रंगाच्या केल्या. लोकांना ती फॅशन वाटली!

कापड अस्सल आहे का, हे दोन दोरे जाळून पाहावे. रेशमाला केस जळल्याचा वास येतो व राख बोटात चुरते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने 2004 पासून ‘सिल्क मार्क’चे लेबलही मिळते. आर्ट सिल्क विकण्यात गैर काही नाही, मात्र बिलावर तसे लिहावे. रेशीम सांगून ते देणे ही सरळ फसवणूक आहे. नवऱ्या मुलाच्या भावांनाही जुळते जाकीट हवे असते. आपल्यात पुरुषांना अस्सल रेशीम वर्ज्य, तेव्हा त्यांना त्याच रंगाचे सुती कापड सुचवावे.

रेशमात सुईची भोके राहतात. शिलाई उसवून दुरुस्ती करता येते, डाग मात्र दिसतो. म्हणून चोळीचे माप आधी मांजरपाटावर बेतून मुलीच्या अंगाला लावून पाहावे. धूपछाव कापडाचे सगळे तुकडे एकाच दिशेने कापावेत, नाहीतर दोन पट्टे दोन रंगांचे दिसतात. कापण्यापूर्वी लहानसा तुकडा भिजवून सावलीत वाळवावा. रंग सुटतो का, कापड आटते का, ते कळते. सुई बारीक, 11 नंबरची. कडांचे दोरे लवकर सुटतात, तेव्हा दाब अर्ध्या इंचापेक्षा कमी ठेवू नये. एप्रिल-मेच्या घामाने रेशमावर डाग पडतात. चोळीला सुती अस्तर आणि काखेत सुती पट्टी हवीच. इस्त्री उलट्या बाजूने, मंद.

व्यवहाराचे एक सांगतो. कापडाची पूर्ण रक्कम बयाणा म्हणून आधी घ्यावी, शिलाई पोशाख देताना. मापे घेतल्याची तारीख वहीत लिहून पालकांची सही घ्यावी, कारण वाढत्या वयाच्या मुलींची मापे दोन महिन्यांत बदलतात. उरलेले कापड बिलाबरोबर परत करावे.