हात दुखतोय, तरी टाकू का?

नागपुरात बेसबॉल खेळणारा मुलगा सहसा नुसता बेसबॉल खेळत नाही. सकाळी शाळेत पिचिंग, संध्याकाळी गल्लीत टेनिस बॉलवर फास्ट बॉलिंग, रविवारी क्रिकेटची मॅच. मीही तसाच पोट्टा होतो. नववीत उजव्या कोपराची आतली बाजू दुखू लागली. आधी फेकून झाल्यावर, मग फेकताना, शेवटी पाण्याची बादली उचलतानाही. घरी तेल चोळून झालं, मैदानावर ‘गरम झाला की मोकळा होईल’ हेही ऐकून झालं. पुढे दहावीचे सवलतीचे गुण खुणावत होते, त्यामुळे थांब म्हणणारं कोणी नव्हतं. हाडांच्या डॉक्टरांनी दोन्ही कोपरांचे एक्स-रे शेजारी शेजारी लावले. दुखऱ्या बाजूला हाड वाढतं त्या कूर्चेची फट रुंदावली होती. हंगाम गेला.

चौदा-पंधराव्या वर्षी कोपराच्या आतल्या उंचवट्याचं हाड पुरतं जुळलेलं नसतं. प्रत्येक फेकीत स्नायू नेमके तिथेच ओढतात. मालिश करून ही ओढ थांबत नाही. फेकणं थांबवावं लागतं.

म्हणून आधी मोजा. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या ‘पिच स्मार्ट’ मर्यादेनुसार ११-१२ वयाला दिवसाला ८५ पिच, १३ ते १६ वयाला ९५. चौदापर्यंतच्या मुलाने ६६ किंवा अधिक पिच टाकले, तर चार दिवस विश्रांती. पिचरने त्याच सामन्यात कॅचर व्हायचं नाही आणि वर्षातले चार महिने फेकणं बंद. नागपूरच्या उन्हाळ्यात तर ही सुट्टी आयतीच घेता येते. संध्याकाळची बॉलिंग या आकड्यांत धरलेली नाही, पण कोपर ती धरतं.

चेंडू हातातून सुटतो, जोर मात्र पायांतून आणि कमरेतून येतो. पाय थकले की कोपर खांद्याखाली उतरतं आणि हात एकटा राबतो. ते दिसलं की पिचर बदला. आठवड्यातून तीनदा बैठका, प्लँक आणि रबर बँडने खांद्याच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम हवा. आधी धावून अंग गरम करा, मगच चेंडू हातात घ्या.

दुसऱ्या दिवशीही दुखत असेल, कोपर सरळ होत नसेल, करंगळीला मुंग्या येत असतील, तर थेट डॉक्टर गाठा. आणि प्रशिक्षकांनो, संघात निदान तीन पिचर तयार ठेवा. पर्याय नसला की दुखरा हातही ‘ठीक आहे सर’ म्हणतो.