चला, खेळ तयार करू

मुलांनो, लुडो घरोघरी असतो आणि घरोघरी त्याची एक तरी सोंगटी हरवलेली असते! मग सोंगटीच्या जागी शर्टाचे बटण येते. बटण आले म्हणून खेळ अडत नाही. कारण खेळ सोंगटीत नसतो, तो नियमांत असतो. आणि नियम तर आपणही करू शकतो.

लोक पूर्वीपासून तेच करत आले आहेत. आपल्याकडचा पचीसीचा खेळ घ्या. फतेहपूर सिक्रीच्या राजवाड्यात अंगणाच्या फरशीवरच पचीसीचा मोठा पट आखलेला आहे. हा खेळ कवड्या टाकून खेळत. तो इंग्लंडमध्ये गेला, तेव्हा कवड्यांऐवजी फासा आला, नियम सोपे झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा लुडो झाला. गंजिफाचेही तसेच. गंजिफा म्हणजे पत्त्यांचा जुना खेळ. त्याची पाने बहुधा गोल असतात. बाबराने १५२७ साली सिंधमधील शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद ‘बाबरनामा’त आहे. मोगल गंजिफात ताज, शमशेर, गुलाम असे आठ रंग आणि ९६ पाने. तोच खेळ पुढे आपल्या सावंतवाडीलाही खेळला जाऊ लागला. तेथील दशावतारी गंजिफात विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग आणि १२० पाने असतात. ज्या घरात खेळ गेला, त्या घराने तो आपला करून घेतला.

आता आमच्या घरची हकीकत सांगतो.

मे महिन्याची सुट्टी होती. सोलापूरचे ऊन तुम्हांला ठाऊकच असेल. दुपारी दाराबाहेर पाऊल टाकायची सोय नसते. माझी पुतणी तेव्हा सातवीत होती. ती तुमच्यासारखीच उर्दू शाळेत शिकत होती. सगळ्या विषयांत हुशार, पण मराठीचा तास आला की मागच्या बाकावर जाऊन बसायची. “चाचा, मराठी माझी भाषा नाही. मला ती येणारच नाही,” असे ती म्हणे. आमच्या शेजारी तिच्याच वयाचा एक मुलगा राहत होता. तो मराठी शाळेत जायचा. दोन्ही घरांच्या मध्ये एकच भिंत. पण चार वर्षांत तो आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आला नव्हता. पतंग आमच्या गच्चीवर पडला, तरी बाहेरूनच हाक मारायचा.

मी ठरवले, या दोघांसाठी एक खेळ करायचा.

सामान काय लागले म्हणता? काहीच विकत आणले नाही. कपाटात जुन्या लग्नपत्रिका होत्या. आपण त्यांना रुक्का म्हणतो. त्यांचा कागद जाड असतो आणि मागची बाजू कोरी असते. त्यांची सारख्या मापाची ४८ पाने कापली. माप सारखेच हवे बरे! एक पान जरी मोठे झाले, तरी पालथे असताना ते ओळखू येते आणि खेळाची मजा जाते. छापलेली बाजूही दिसता कामा नये, म्हणून तिच्यावर कागद चिकटवला. गुण मोजण्यासाठी मूठभर चिंचोके घेतले.

एका पानावर मराठी शब्द देवनागरीत लिहिला आणि दुसऱ्या पानावर त्याचा उर्दू जोडीदार उर्दू लिपीत लिहिला. पण शब्द निवडले ते मुद्दाम. कागद आणि कागज. खुर्ची आणि कुर्सी. शाई आणि सियाही. सरबत आणि शरबत. नकाशा आणि नक्शा. बक्षीस आणि बख्शिश. किल्ला आणि किला. फक्त आणि फकत. अशा २४ जोड्या झाल्या. हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि इथेच राहिले. कोणी थोडा वेश बदलला, कोणी तोही नाही.

खेळ साधा होता. सगळी पाने पालथी मांडायची. आपली पाळी आली की दोन पाने उलटायची. जोडी जमली तर ती आपली, नाही जमली तर पुन्हा पालथी. मला वाटले, झाला खेळ तयार!

खेळ साफ फसला.

शेजारच्या मुलाला उर्दू लिपी वाचता येईना. माझ्या पुतणीला दोन्ही लिप्या वाचता येत होत्या. ती भराभर जोड्या जमवत गेली. तो तीन वेळा हरला आणि म्हणाला, “मला घरी काम आहे.” आठेचाळीस पाने संपायला इतका वेळ लागला, की माझा पाच वर्षांचा पुतण्या त्यांच्यावरच झोपी गेला. आणि जी जिंकली तीही खूश नव्हती. “हे तर फारच सोपे आहे,” असे तिचे म्हणणे.

खेळ तयार करताना ही गोष्ट लक्षात ठेवा. पहिला खेळ फसतोच. तुम्ही नियम कितीही विचार करून केले, तरी चार जण खेळायला बसल्याशिवाय त्यांतली खोट दिसत नाही. अशा वेळी खेळणाऱ्यांवर रागावू नका. कोण कंटाळला, कोण रुसला, कोण उठून गेला, ते पाहा. तिथेच नियम चुकलेला असतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही खेळ बदलला. आधी पाने निम्मी केली. बारा जोड्या पुरेशा झाल्या. मग एकेकट्याने खेळायचे नाही, दोघादोघांनी मिळून खेळायचे असे ठरले. प्रत्येक जोडीत एक उर्दू वाचणारा आणि एक चांगले मराठी वाचणारा. शेजारच्या मुलाची बहीणही आली. आता एकाला दुसऱ्यावाचून जमेना! पुतणी उर्दू पान वाचून दाखवी, तो मराठी पान वाचे, मग दोघे मिळून ठरवत. धाकट्या पुतण्याला वाचता येत नव्हते. त्याला चिंचोक्यांचा खजिनदार केले. (खजिनदार हाही आपल्याच पानांतला शब्द, हे माझ्या नंतर ध्यानात आले.)

राहिली सोपेपणाची तक्रार. त्यासाठी आम्ही काही ‘फसवी पाने’ केली. काही शब्द दोन्ही भाषांत सारखेच ऐकू येतात, पण त्यांचे अर्थ निराळे असतात. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी; मराठीत मुले दप्तर पाठीला अडकवून शाळेत जातात. मराठीत राजीनामा देणारा नोकरी सोडतो. उर्दूत राजीनामा म्हणजे दोन्ही बाजूंनी मान्य केलेला समझोता. फसवे पान हाती आले, की जोडीने दोन वाक्ये करायची, एक मराठीत आणि एक उर्दूत. दोन्ही बरोबर आली तर तीन चिंचोके.

‘तक्रार’ हे पान निघाले तेव्हा गंमत झाली. पुतणी म्हणाली, तकरार म्हणजे भांडण. तो म्हणाला, तक्रार म्हणजे आपल्यावर अन्याय झाला ते सांगणे. दोघांचा आवाज चढला. मी मध्ये पडलो नाही. मोठ्या माणसांनी खेळात पंच होऊ नये, असे माझे मत आहे. मी फक्त शब्दकोश पुढे सरकवला. पाहतात तर दोघेही बरोबर! मग हसू लागले. एका शब्दावरून तक्रारही झाली आणि तकरारही.

माझी अम्मी खाटेवरून हे सगळे ऐकत होती. मुले तिला दादी म्हणतात. तिला कोणतीच लिपी वाचता येत नाही. ती म्हणाली, “माझे पान कोण वाचील?” शेजारचा मुलगा लगेच तिच्याजवळ जाऊन बसला. त्याने पान उलटले आणि वाचले, “तालीम.” उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, हे आम्हांला माहीत होते. दादी म्हणाली, “माझा भाऊ मिरजेत रोज पहाटे तालमीत जायचा. लाल मातीत कुस्ती खेळायचा. तालीम खूप केली, पण शाळेची तालीम काही मिळाली नाही त्याला.” एका दमात तिने दोन्ही वाक्ये करून टाकली! खजिनदाराने तिच्या हातावर तीन चिंचोके ठेवले. मामूंची ही गोष्ट मीही त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकली.

तुम्ही असा खेळ कराल तेव्हा माझेच शब्द घेऊ नका. तुमच्या घरात, बाजारात, शाळेत कानांवर पडणारे शब्द शोधा. दहा जोड्या आणि दोन-तीन फसवी पाने मिळाली तरी सुरुवात होते. शब्द मिळेनात तर आजी-आजोबांना विचारा. घरात अगदी लहान मूल असेल, तर काही पानांवर चित्र काढा. नियम एका कागदावर लिहून ठेवा, म्हणजे भांडण झाले तर तो काढता येतो. पण तो पेन्सिलीने लिहा. तो बदलावा लागणार आहे. आणि चार-पाच पाने कोरी ठेवा.

आमच्या कोऱ्या पानांतले पहिले पान आठवडाभरातच भरले. शेजारचा मुलगा आता हाक न मारता सरळ आत येऊ लागला होता. एकदा दादीने त्याला बिस्किटांचा डबा आणायला सांगितले आणि लगेच म्हणाली, “अरे रहने दे, डिब्बा खाली है.” तो वाकला आणि डब्याच्या खाली पाहू लागला. तिथे काहीच नव्हते. त्याने डबा उघडला, आत पाहिले आणि धावत पेन आणायला गेला.