अंधार कसा पसरतो?

विद्यार्थी मित्रांनो, रात्री अचानक वीज गेली की तुम्ही काय करता? खिडकीतून शेजारच्या घराकडे पाहता ना? तिथेही अंधार असेल, तर 'सगळ्यांचीच गेली' असे म्हणून गप्प बसता. पण एकाच वेळी अर्ध्या देशाची वीज गेली तर? आपल्या देशात असे खरोखर घडले आहे.

३० जुलै २०१२ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास उत्तर भारताची वीज गेली. ती हळूहळू परत आली. पण दुसऱ्याच दिवशी दुपारी एक वाजता उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताची वीज एकदम गेली. या भागात साठ कोटींहून अधिक लोक राहत होते. आगगाड्या वाटेत उभ्या राहिल्या. दिल्लीची मेट्रो थांबली. पश्चिम बंगालमध्ये कोळशाच्या खाणींतील लिफ्ट बंद पडल्या आणि सुमारे २०० कामगार जमिनीखाली अडकले. सुदैवाने ते सर्व सुखरूप बाहेर आले.

असे का घडले? वीज माठातल्या पाण्यासारखी भरून ठेवता येत नाही. जेवढी वीज आपण वापरतो, जवळजवळ तेवढीच त्याच क्षणी तयार करावी लागते. ती तारांच्या मोठ्या जाळ्यातून आपल्यापर्यंत येते. या जाळ्याला 'ग्रिड' म्हणतात.

समजा, पाच मजूर एक जड तुळई खांद्यावर नेत आहेत. एकाने खांदा काढला, तर त्याचा भार इतर चौघांवर पडतो. तो त्यांना पेलला नाही, तर तुळई खाली येते. ग्रिडचेही तसेच आहे. एका तारेवर भार वाढला की ती जळू नये म्हणून आपोआप बंद होते. मग तिचा भार दुसऱ्या तारांवर जातो आणि त्याही बंद पडतात.

९ नोव्हेंबर १९६५ रोजी नायगारा धबधब्याजवळच्या एका वीजकेंद्रात हेच झाले. पाचांपैकी एक वाहिनी बंद पडली आणि लगेच उरलेल्या चारही बंद पडल्या. कॅनडा व अमेरिकेतील सुमारे तीन कोटी लोक अंधारात बुडाले. न्यूयॉर्क शहरही त्यात होते.

२०१२ साली आपल्याकडे काही वाहिन्या आधीच बंद होत्या. पाऊस कमी झाल्यामुळे शेतीचे पंप जोरात चालू होते. काही राज्ये ठरलेल्या वाट्यापेक्षा जास्त वीज घेत होती. त्यातच बिना-ग्वाल्हेर ही महत्त्वाची वाहिनी बंद पडली आणि ग्रिड कोसळली. महाराष्ट्र मात्र पश्चिम ग्रिडमध्ये होता. ती वेळीच वेगळी झाली, म्हणून आपल्याकडचे दिवे चालू राहिले.

मुलांनो, ज्यांनी जास्त वीज घेतली, त्यांचे दिवे गेलेच. पण ज्यांनी आपल्या वाट्यापुरतीच घेतली, तेही अंधारात बसले. खाणीतल्या कामगारांचा यात काय दोष होता? म्हणून रिकाम्या खोलीतला पंखा बंद करताना केवळ बिलाचा विचार करू नका. त्या तुळईला आपलाही खांदा आहे, हे लक्षात ठेवा.

स्वाध्याय
१. ग्रिड म्हणजे काय?
२. एक तार बंद पडली की इतर तारा का बंद पडतात?
३. तुमच्या घरी व शाळेत वीज कोठे वाया जाते? पाच वाक्ये लिहा.