आधी हिशेब, मग बॅटरी

शिसपेन्सिल हातात घ्या. वहीवर एक रेघ ओढा. तिला आपण शिसपेन्सिल म्हणतो खरे, पण तिच्यात शिसे नसते. ग्राफाइट नावाचा काळा, मऊ पदार्थ असतो. कागदावर घासला की त्याचे पातळ पापुद्रे सुटतात आणि अक्षर उमटते. हेच ग्राफाइट तुमच्या मोबाईलच्या बॅटरीतही आहे. ते तिथे काय करते, ते आज वाचू.

बॅटरीच्या पोटात

बॅटरीच्या आत दोन बाजू असतात. त्यांना इलेक्ट्रोड म्हणतात. एक ग्राफाइटचा. दुसरा कोबाल्ट, निकेल, लोखंड अशा धातूंच्या संयुगाचा. मध्ये बारीक भोकांचा पातळ पडदा असतो आणि सगळीकडे एक द्रव भिनलेला असतो.

लिथियम हा सर्वांत हलका धातू. बॅटरी चार्जिंगला लावली की लिथियमचे कण पडदा ओलांडून ग्राफाइटच्या पापुद्र्यांत जाऊन बसतात. जशी पुस्तकाच्या पानांत मोरपिसे. मोबाईल वापरू लागलो की ते कण परत दुसऱ्या बाजूला जातात. त्याच वेळी बाहेरच्या तारेतून वीज वाहते आणि आपले काम होते.

अशी बॅटरी १९९१ साली जपानमध्ये प्रथम बाजारात आली. ती ज्यांच्या शोधांतून घडली त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

बिघाड कसा होतो?

एस. टी. च्या दाराशी एकदम गर्दी झाली तर काय होते? माणसे आत शिरत नाहीत, दारातच अडकतात. बॅटरी फार वेगाने किंवा फार थंडीत चार्ज केली तर लिथियमचेही तसेच होते. कण पापुद्र्यांत न शिरता बाहेरच साचतात. त्यांचे सुईसारखे काटे वाढतात. काटा पडदा फाडून पलीकडे टेकला की दोन्ही बाजू एक होतात, बॅटरी तापते आणि आतला द्रव पेट घेऊ शकतो. मार लागून पडदा फाटला तरी तोच धोका.

मार्च २०२२ मध्ये पुण्याच्या लोहगाव भागात उभ्या असलेल्या विजेच्या स्कूटरने पेट घेतला होता. म्हणून बॅटरी जास्त टिकावी एवढेच पुरत नाही. ती घरात ठेवण्याजोगीही असली पाहिजे.

१४२ वर्षांचे काम

आता एक गणित करू. समजा, बॅटरीचे चार भाग आहेत: दोन इलेक्ट्रोड, पडदा आणि द्रव. प्रत्येकासाठी ५ पदार्थ निवडीला आहेत. मग किती प्रकारच्या बॅटऱ्या होतील? ५ × ५ × ५ × ५ = ६२५.

प्रत्येक बॅटरी ५०० वेळा भरून रिकामी करायची. एका वेळेस ४ तास धरा. झाले २,००० तास, म्हणजे सुमारे ८३ दिवस. एकामागून एक अशा ६२५ बॅटऱ्या तपासायला १४२ वर्षे लागतील! नातवाच्या हयातीतही काम संपायचे नाही. म्हणून आधी कॉम्प्युटरवर हिशेब करतात.

धरणासारखा हिशेब

आपल्या भोर तालुक्यातले भाटघरचे धरण पाहा. आत किती पाणी आले, बाहेर किती सोडले, हे कळले की संध्याकाळची पातळी सांगता येते. त्यासाठी धरणात उडी मारावी लागत नाही, बरं का!

कॉम्प्युटर तेच करतो. इलेक्ट्रोडचे मनातल्या मनात हजारो बारीक तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्यात क्षणाक्षणाला किती लिथियम आले, किती गेले, किती उष्णता झाली, हे मोजायचे. जिथे हिशेबातच काटे वाढतात किंवा उष्णता हाताबाहेर जाते, ती बॅटरी बनवायचीच नाही. जी बरी दिसेल तेवढीच बनवून तपासायची.

भेगांचे उदाहरण

ग्राफाइटपेक्षा सिलिकॉनमध्ये कितीतरी जास्त लिथियम मावते. नदीच्या वाळूतही सिलिकॉन असते. मग अडचण कुठे आहे? लिथियम भरले की ग्राफाइट जेमतेम दहावा हिस्सा फुगते. सिलिकॉन मात्र तिपटीहून जास्त फुगते आणि रिकामे झाले की आकसते. पावसात फुगणाऱ्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, तशा त्याच्या कणांना पडतात.

मग कण किती बारीक असावा? प्रयोगात असे दिसले की सुमारे १५० नॅनोमीटरपेक्षा बारीक कण तडकत नाहीत. ही जाडी आपल्या केसाच्या सुमारे पाचशेव्या भागाएवढी. लहान कणावर ताण कमी का पडतो, हे हिशेबाने समजते. प्रयोग आणि हिशेब असे एकमेकांचा हात धरून चालतात.

पण एक ध्यानात ठेवा. माप खोटे दिले तर हिशेबही खोटा येतो. कॉम्प्युटर वाट दाखवतो. चालून पाहावे लागतेच.

आपल्या पुण्यात

असे हिशेब करायला मोठे कॉम्प्युटर लागतात. त्यांना महासंगणक म्हणतात. परदेशातून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिथे १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला. पुढे २०१९ साली पुण्याच्या आयसर संस्थेत ‘परम ब्रह्म’ बसला. तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे ७९७ लाख कोटी गणितांचा होता.

डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या केपीआयटी कंपनीने आयसरच्या साथीने विकसित केलेली सोडियम बॅटरी जाहीर केली. सोडियम म्हणजे आपल्या मिठातला धातू. तो मुबलक आहे. पण तो ग्राफाइटच्या पापुद्र्यांत नीट बसत नाही. त्याला वेगळ्या घडणीचा कार्बन लागतो. म्हणजे पुन्हा नवा हिशेब आलाच.

आपल्या घरी

शास्त्रज्ञांचे काम शास्त्रज्ञ करतील. आपले आपण करू.
१. मोबाईल उशीखाली किंवा अंथरुणात ठेवून चार्ज करू नका.
२. बॅटरीबरोबर दिलेला किंवा तिला योग्य असाच चार्जर वापरा.
३. बॅटरी फुगली तर वापर थांबवा. तिला टोचू, दाबू नका. मुलांच्या हाती देऊ नका.
४. जुनी बॅटरी उकिरड्यावर किंवा चुलीत टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

सांगा पाहू
१. शिसपेन्सिलीत कोणता पदार्थ असतो?
२. बॅटरीत काटे कशामुळे वाढतात?
३. सिलिकॉनच्या कणांना भेगा का पडतात?
४. प्रत्येक भागासाठी ५ ऐवजी ३ पदार्थ असते, तर किती प्रकारच्या बॅटऱ्या झाल्या असत्या? वहीत गणित करा.